हिपस्टर-निरीक्षण कसे करावे : नवशिक्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शिका

पक्षीनिरीक्षणाला निघालेल्या माणसाला निदान एवढी खात्री असते की, खंड्या आपण खंड्या असल्याचे नाकारणार नाही. हिपस्टर म्हणजे चारचौघांहून वेगळे दिसण्यासाठी अनवट वस्तू आणि आवडी जोपासणारा शहरी माणूस; त्याच्या निरीक्षणाला निघालेल्या माणसाच्या नशिबी ही सोय नाही. या प्रजातीचा एकही प्रौढ नमुना आपण या प्रजातीचे असल्याचे मान्य करीत नाही, आणि जो आनंदाने मान्य करतो तो बहुधा नमुना नसतो. मी हे काम सुमारे आठ महिने केले आणि त्यांतले पहिले चार महिने नुसत्या दाढ्या मोजण्यात वाया घालवले. आपले ते चार महिने वाचावेत, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

लेखातील शास्त्रीय परिभाषेने दडपून जाण्याचे कारण नाही. तिचा बराचसा भाग विषयाला वजन यावे म्हणून मी योजला आहे. जेथे खरोखरीचे संशोधन आहे, तेथे वर्ष दिलेले आढळेल.

सोबत काय असावे

• साधी वही. शाळकरी मुले वापरतात तशी, पिना मारलेली. चामड्याच्या वेष्टणाची, रबरी पट्टीने बंद होणारी वही मुळीच नेऊ नये. तशी वही पाहताच नमुने आपल्याला स्वजातीय समजतात आणि तिच्या कागदाविषयी बोलू लागतात.
• सेकंदकाटा असलेले घड्याळ. त्याचा उपयोग चौथ्या पायरीत कळेल.
• छोटी विजेरी. या प्रजातीच्या अधिवासात एडिसनकालीन दिव्यांसारखे, आतली तार उघडी दिसणारे पिवळसर दिवे टांगलेले असतात. तार तापवून उजळणाऱ्या दिव्यात विजेचा दहावा भागसुद्धा प्रकाशात उतरत नाही, बाकीची सारी उष्णता होते. त्या उजेडात माणसे देखणी दिसतात, पण अक्षरे दिसत नाहीत.
• फूटपट्टी. ही घरी आपल्या बोटांच्या लांबीचा अंदाज घेण्यापुरती वापरावी. अनोळखी माणसाच्या हनुवटीला फूटपट्टी लावण्याचे परिणाम मी भोगले आहेत.

परवाना किंवा अर्ज लागत नाही. मात्र कोणाचेही छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय काढू नये आणि कोणाच्याही छायाचित्रावरून नमुना ओळखल्याचा दावा करू नये. यामागचे कारण पाचव्या पायरीत येईल.

पायरी १. नावाचा इतिहास पाहून घ्यावा

हा शब्द आजच्या नमुन्यांपेक्षा बराच वयस्कर आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतील जाझ बँडप्रमुख कॅब कॅलोवे यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील संगीतकारांच्या बोलीचा एक छोटा कोश काढला. ज्याला नव्या संगीताची नस कळते तो ‘हेप कॅट’. चाळिशीच्या दशकात ‘हेप’चे ‘हिप’ झाले आणि त्यावरून ‘हिपस्टर’, कारण ‘हेप’ हा शब्द तोपर्यंत सगळ्यांनाच कळू लागला होता. या एका स्वरबदलात प्रजातीचा पुढचा सगळा इतिहास साठवलेला आहे, असे माझे मत आहे. १९५७ मध्ये अमेरिकन लेखक नॉर्मन मेलर यांनी एका गाजलेल्या आणि तितक्याच वादग्रस्त निबंधात, कृष्णवर्णीयांच्या जगण्यातील धाडस उसने घेऊ पाहणाऱ्या गोऱ्या तरुणाला हिपस्टर म्हटले. पुढे हा शब्द अनेक वर्षे झोपून राहिला आणि विसावे शतक संपता संपता न्यूयॉर्कमध्ये, यंत्रे निघून गेलेल्या गोदामांच्या परिसरात, पुन्हा जागा झाला.

येथे पहिला सापळा आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल या संस्थेत हिपस्टरांवर एक चर्चासत्र झाले आणि त्याच्या शीर्षकातच भूतकाळ वापरलेला होता. म्हणजे प्रजाती नामशेष झाल्याची घोषणा तेव्हाच झाली. तेव्हापासून ती सतत दिसत आली आहे. “आता खरे हिपस्टर राहिलेच नाहीत” असे वाक्य कानावर आले, तर निराश होऊन वही मिटू नये. बोलणाऱ्याकडे नीट पाहावे.

पायरी २. अधिवास निश्चित करावा

वनस्पतिशास्त्रात अनुक्रमण नावाची प्रक्रिया शिकवतात. उघड्या खडकावर आधी दगडफूल येते, मग शेवाळ, मग गवत, झुडपे आणि शेवटी मोठी झाडे. आणि झाडांची सावली पडली की ज्या दगडफुलाने खडक भुसभुशीत केला त्यालाच तेथे जागा उरत नाही. शहरातील जुन्या वस्त्यांचे असेच होते. न्यूयॉर्कमधील विल्यम्सबर्ग हे यातले पाठ्यपुस्तकी उदाहरण. मॅनहॅटनमधून नदीखालून गेले की भुयारी रेल्वेचे पहिलेच स्थानक तेथे येते. कारखाने बंद पडल्यामुळे रिकामी झालेली मोठमोठी दालने कलाकारांना स्वस्तात मिळाली, त्यांच्यामागून संगीत आले, संगीतामागून कॉफी आली आणि २००५ मध्ये नगरपालिकेने नदीकाठच्या औद्योगिक जमिनीवर निवासी इमारतींना परवानगी दिल्यावर काचेचे मनोरे आले. लंडनचे शोरडिच आणि बर्लिनचे नॉयकोल्न ही आणखी दोन ठिकाणे अभ्यासकांत प्रसिद्ध आहेत.

कोणत्याही शहरात ही अवस्था ओळखण्याची युक्ती अशी. एखाद्या वाहनदुरुस्तीच्या गाळ्यात प्रथम चित्रे लागतात. नंतर चित्रांच्या दालनात कॉफी मिळू लागते, पण गाळ्याची जुनी गंजलेली पाटी मुद्दाम तशीच ठेवली जाते. शेवटी तेथे बँकेची शाखा येते. आपण पाटी आणि कॉफी एकत्र दिसतील त्या अवस्थेत जावे. बँक आली असेल तर आपल्याला उशीर झाला आहे, आणि गाळ्यात अजून खरोखरच गाडी दुरुस्त होत असेल तर तेथे कोणाच्या कामात अडथळा आणू नये.

या अनुक्रमणाला मानवी वस्तीच्या संदर्भात ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये दिले. लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरत असल्याचे त्यांनी टिपले होते. वस्तीतून जे बाहेर जातात ते शैली बदलली म्हणून जात नाहीत, भाडे परवडत नाही म्हणून जातात, आणि त्यांची नोंद आपल्या वहीत होत नाही. याचा राग कधी कधी भलतीकडे निघतो. पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवर डिसेंबर २०१४ मध्ये केवळ न्याहारीची सिरियल विकणारे एक कॅफे निघाले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये निदर्शकांनी त्यावर रंग फेकला. वाडगाभर कुरकुरीत पोहे विकणाऱ्या दुकानाला घरांच्या किमतींचा जाब विचारला गेला, यात गंमत आहे. पण भाडेकरूचा प्रश्न खरा होता.

पायरी ३. बाह्य लक्षणे टिपावीत, पण त्यांवर विसंबू नये

चौकटींचा फ्लॅनेल शर्ट लाकूडतोड्याचा होता. पुढे फोमची आणि मागे जाळीची टोपी ट्रकचालकाची होती. एका खांद्यावरून तिरकी जाणारी पिशवी सायकलवरून टपाल पोहोचवणाऱ्याची होती. आटे असलेल्या झाकणाच्या बरणीचे पेटंट जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ मध्ये घेतले, ते हिवाळ्यासाठी फळे-भाज्या टिकवता याव्यात म्हणून. तिला कान नाही, थंड पेय ओतले की तिला बाहेरून घाम सुटतो आणि ती हातातून निसटते, तरीही आज तिच्यातून सरबत दिले जाते. यावरून मी एक नियम मांडला आहे : नमुन्याजवळची वस्तू तिच्या मूळ कामातून निवृत्त झालेली असते.

नियम चांगला आहे, पण त्यात मी स्वतः फसलो. एका कॅफेत दाट दाढीचा, जाड कापडी विजारीचा, कमरेला चामडी पट्टा आणि त्यात पितळी हत्यारे अडकवलेला एक उत्कृष्ट नमुना मला दिसला. त्याच्यावर मी दोन पाने लिहिली. पट्ट्यावरील ओरखड्यांच्या ‘काळजीपूर्वक साधलेल्या जीर्णतेचे’ मी विशेष कौतुक केले. मग तो उठला, मोरीखाली शिरला आणि गळणारा नळ दुरुस्त करून पैसे घेऊन निघून गेला. तेव्हापासून मी आधी हत्यार निवृत्त आहे की सेवेत आहे, ते पाहतो.

लक्षणांमध्ये फिक्स्ड गिअर सायकलीला स्वतंत्र स्थान द्यावे लागते. साध्या सायकलीचे मागचे चाक पायडल थांबले तरी फिरत राहते. या सायकलीत तशी सोयच नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरते, म्हणून उतारावरही पाय हलवत राहावे लागते, आणि वेग कमी करायचा तर पायडलला पायांनी विरोध करावा लागतो. शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीवर हे योग्यच आहे. रहदारीत, तेही पुष्कळदा ब्रेक काढून टाकून, कोणी ती का चालवावी? जीवशास्त्रज्ञ आमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये मांडलेले अपंगत्व-तत्त्व येथे कामी येते : मोराचा पिसारा त्याला जड होतो, आणि एवढे ओझे घेऊनही आपण जिवंत आहोत हेच तो लांडोरीला सांगत असतो. अभ्यासासाठी मी ही सायकल एकदा मागून घेतली आणि वळणावर सवयीने पाय थांबवले. सायकलीने मला पुढे काय ते समजावले. आपण ती लांबूनच पाहावी.

पायरी ४. आवाजावरून ओळख पटवावी

दाट झाडीत पक्षी दिसत नाही, तेव्हा जाणकार कान लावतो. येथेही डोळ्यांपेक्षा कान भरवशाचा आहे. दोन चाचण्या पुरेशा आहेत.

पहिली चाचणी नकाराची. “आपण हिपस्टर आहात का?” या प्रश्नाला हिपस्टर ‘नाही’ म्हणतो आणि हिपस्टर नसलेलाही ‘नाही’ म्हणतो, तेव्हा उत्तरातून काहीच माहिती मिळत नाही. माहिती मिळते ती उत्तराच्या लांबीतून. हिपस्टर नसलेला माणूस “नाही बुवा” किंवा “म्हणजे काय?” म्हणून आपल्या कामाला लागतो. नमुना मात्र आधी हा शब्द किती निरर्थक झाला आहे ते सांगतो, मग तो कोणाला लावणे योग्य ठरेल ते सांगतो, मग ती माणसे आपल्याला का आवडत नाहीत त्याकडे वळतो. सेकंदकाट्याकडे लक्ष ठेवावे. काटा एक फेरा पूर्ण करून पुढे गेला, तर नोंद करायला हरकत नाही.

दुसरी चाचणी व्याकरणाची आहे आणि ती मला अधिक प्रिय आहे. शाळेत आपण रीतिभूतकाळ शिकतो : ‘मी जात असे’, ‘तो वाजवत असे’. हा काळ सहसा आजोबांच्या आठवणींत आढळतो. सव्वीस वर्षांचा माणूस, अवघ्या दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या कॅफेविषयी, “आम्ही येथे येत असू, तेव्हा येथे कोणी नसे,” असे म्हणाला, की ओळख जवळजवळ निश्चित झाली. त्याच्यालेखी कोणतीही गोष्ट वर्तमानकाळात चांगली नसते. ती चांगली असे. बँडचा पहिला अल्बम चांगला असे, वस्ती चांगली असे, आणि तिसरा ग्राहक येईपर्यंत कॉफीदेखील चांगली असे.

पायरी ५. विलंब मोजावा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण माझे पहिले चार महिने येथेच बुडाले. सर्वांहून वेगळे दिसण्यासाठी धडपडणारी माणसे एकमेकांसारखी का दिसतात? मी दाढ्या मोजत होतो आणि संख्या वाढत होती. पण दाढी कोणाला आहे हा प्रश्नच चुकीचा होता. ती केव्हापासून आहे, हे विचारायला हवे होते.

गणितज्ञ जोनाथन तूबूल यांनी २०१४ मध्ये या कोड्याचे एक गणिती प्रारूप मांडले. त्याचे सार सांगतो. समजा, एका समूहातील प्रत्येकाला बहुमताच्या उलट वागायचे आहे. बहुमत काय आहे ते प्रत्येकाला तत्क्षणी कळले, तर अडचण नाही. समूह दोन्हीकडे वाटला जाईल आणि कोणतेच बहुमत फार काळ टिकणार नाही. परंतु बातमी पोहोचायला वेळ लागतो. आज मला जे बहुमत दिसते ते काही काळापूर्वीचे असते. मी त्याच्या उलट करतो, आणि त्याच जुन्या बातमीवर विसंबून बाकीचे सगळेही तेच करतात. परिणामी सगळे मिळून नवे बहुमत तयार होते. ते लक्षात येईपर्यंत पुन्हा वेळ जातो आणि मग सगळे एकदमच मागे वळतात. विलंब एका मर्यादेपलीकडे गेला की, हे बंडखोर कवायतीतल्या सैनिकांसारखे एका तालात डावीकडून उजवीकडे झुलू लागतात. त्यांच्यात कोणी कोणाची नक्कल केलेली नसते. चूक घड्याळाची असते.

आणि दाढी म्हणजे असे मागे पडलेले घड्याळच आहे. चेहऱ्यावरील केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. हनुवटीखाली आठ सेंटीमीटर दाढी दिसली, तर तो निर्णय किमान आठ महिन्यांपूर्वीचा आहे. ‘किमान’ हा शब्द वहीत अवश्य लिहावा, कारण कात्री लागलेली असते. ज्या दिवशी त्याने वस्तरा ठेवून दिला, त्या दिवशी त्याच्या ओळखीत कदाचित कोणालाच दाढी नसेल. तो एकटाच होता, यात शंका नाही. पण त्याच आठवड्यात आपापल्या आरशासमोर असे अनेक एकटे उभे होते, आणि आठ महिन्यांनी ते सगळे एकाच लांबीच्या दाढ्या घेऊन एकाच लांबलचक टेबलाभोवती येऊन बसले. त्या टेबलावरचे अवघडलेपण मी पाहिले आहे.

हा खटाटोप अगदीच निष्फळ असतो असेही नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये लोकांना पुरुषांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून आकर्षकतेचे गुण द्यायला सांगितले. संचात दाढीवाले थोडे असले की दाढीला गुण अधिक पडले; गुळगुळीत चेहरे थोडे असले की त्यांचे गुण वाढले. दुर्मिळतेला असा भाव मिळणे निसर्गात नवीन नाही. गप्पी माशांच्या माद्यांनाही अनोख्या रंगाचा नर अधिक भावतो. गप्पीला रंग जन्मतः मिळतो, म्हणून त्याला विलंबाचा त्रास नाही.

विलंब मोजण्याची इतर साधनेही आहेत. भूशास्त्रज्ञ खडकाचे वय सूचक जीवाश्मांवरून ठरवतात. आपण गोंदणावरून ठरवावे, कारण दाढी उतरवता येते आणि गोंदण सहजी उतरत नाही. तर्जनीच्या कडेला मिशी गोंदलेली आढळली (ते बोट नाकाखाली धरले की हशा होत असे), तर थर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरचा आहे, असे निःशंक लिहावे. ग्रामोफोनच्या तबकडीवरून मात्र आता काही सिद्ध होत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये, १९८७ नंतर प्रथमच, सीडींपेक्षा तबकड्या अधिक संख्येने विकल्या गेल्या. जी वस्तू बहुमतात गेली ती लक्षण म्हणून बाद झाली. माझ्या पाहण्यातील दोन नमुने तेव्हापासून कॅसेटकडे वळले आहेत आणि फीत अडकली की पेन्सिलने गुंडाळताना अतिशय समाधानी दिसतात.

आता छायाचित्राविषयी. २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तंत्रज्ञानविषयक नियतकालिकाने तूबूल यांच्या या संशोधनावर लेख छापला आणि सोबत टोपी व फ्लॅनेल शर्टातील एका दाढीवाल्याचे, छायाचित्र-संग्रहातून घेतलेले चित्र दिले. एका वाचकाने संतापून कळवले की, हे माझे छायाचित्र असून ते माझ्या परवानगीशिवाय वापरले आहे. संपादकांनी छायाचित्र पुरवणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली. चित्रातला माणूस दुसराच निघाला. तक्रारदाराला स्वतःचाच चेहरा ओळखता आला नव्हता, आणि लेखाचा सिद्धांत त्याने स्वखर्चाने सिद्ध करून दिला होता.

पायरी ६. नॉर्मकोरचा सापळा टाळावा

प्रगत अवस्थेतील नमुना कोणतेही लक्षण दाखवत नाही. फिकट जीन्स, साधा स्वेटर, पांढरे बूट, कसलीच अक्षरे नसलेली टोपी. न्यूयॉर्कमधील के-होल या, बदलत्या आवडीनिवडींचा अंदाज वर्तवणाऱ्या गटाने २०१३ मध्ये ‘नॉर्मकोर’ (मुद्दाम सर्वसामान्य दिसण्याची शैली) हा शब्द प्रचारात आणला आणि निरीक्षणशास्त्राची पंचाईत केली, कारण आता नमुना आणि सुट्टीवर आलेला एखादा सज्जन लेखापाल यांच्यात बाहेरून फरक उरला नाही. माझ्यापुरता मी एक उपाय काढला आहे : त्याच्या स्वेटरचे कौतुक करावे. लेखापाल आभार मानतो. नमुना म्हणतो, “हा? हा तर अगदीच साधा आहे,” आणि मग साधेपणावर बोलत राहतो.

पायरी ७. संसर्गापासून स्वतःला जपावे

या पायरीकडे मी दुर्लक्ष केले. निरीक्षकाने एका ठिकाणी सलग काही आठवड्यांपेक्षा अधिक काळ बसू नये. गाळणीच्या कागदावर गरम पाणी गोल गोल फिरवत ओतलेली कॉफी दररोज समोर आली, की महिन्याभराने आपण पाण्याच्या तापमानाविषयी मत बाळगू लागतो. ते मत कोणी न विचारता मांडले, तर एक आठवडा सुट्टी घ्यावी.

आठव्या महिन्याच्या अखेरीस, माझ्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी नोंदी करीत असताना, शेजारच्या टेबलावरील एका तरुणाने माझ्या पिना मारलेल्या वहीकडे बोट दाखवून ती कोठे मिळते असे विचारले. मी म्हणालो की, ही आता मिळत नाही. मिळतात त्या वह्यांना हा कागद नाही, पूर्वीच्या वह्यांचा कागद पेन्सिल धरून ठेवत असे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अत्यंत नम्रपणे त्याने विचारले, “क्षमा करा, पण आपण हिपस्टर आहात का?”

मी त्याला सांगितले की, मुळात हा शब्दच आता निरर्थक झाला आहे. १९३८ मध्ये त्याला काही अर्थ होता, चाळिशीच्या दशकातही होता, परंतु आज तो कोणाला लावावा हे ठरवण्याआधी काही गोष्टी स्पष्ट कराव्या लागतील. त्या मी स्पष्ट करीत असताना तरुणाने मनगटावरील घड्याळाकडे पाहिले, खिशातून एक छोटी विजेरी काढली आणि तिच्या उजेडात काहीतरी लिहून घेतले.